पान चावून पाहिलं

आमच्या घरात सफरचंद हे आजारपणाचं फळ होतं. कोणी तापानं अंथरूण धरलं की वडील संध्याकाळी येताना खाकी पिशवीतून दोन सफरचंदं आणायचे. आई त्यातलं एक सोलायची, पातळ फोडी करून वाटीत घालायची आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची. बाकीच्या भावंडांच्या वाट्याला साल. पेरूंसाठी आम्ही भिंतीवरून उड्या मारल्या, कैऱ्यांसाठी शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण सफरचंदासाठी जिवाचं काही करावंसं कधी वाटलं नाही. नुसतं आजारी पडलं की पुरे. फळ मऊ, थोडं पिठाळ, गोड, आणि 'बाधत नाही' हे त्याचं सगळ्यात मोठं कौतुक. न बाधणं हाच ज्याचा मोठा गुण, त्याच्यावर जीव कसा जडणार?

पुढे ३० वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. मॅलिक अ‍ॅसिड फळ्यावर काढताना मी दरवर्षी नेमानं सांगायचे, की कार्ल शील नावाच्या स्वीडनमधल्या औषधविक्यानं १७८५ साली ते कच्च्या सफरचंदाच्या रसातून वेगळं काढलं, आणि लॅटिनमध्ये सफरचंदाला 'मालुम' म्हणतात म्हणून त्याचं नाव मॅलिक. एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, सफरचंद आंबट कुठं असतंय?" वर्ग हसला. मीही हसले. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मिरजेच्या मंडईतल्या सफरचंदांत आंबटपणा शोधायचा म्हणजे उसाच्या रसात मीठ शोधण्यातला प्रकार.

ते उत्तर मला गेल्या सप्टेंबरात मिळालं. अल्मातीच्या पूर्वेला, तुर्गेनच्या घळीत. दात आंबून मिळालं.

माझी भाची अल्मातीत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथं शिकतात. बहिणीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून "पोरगी नीट खाते-पिते का एवढं बघून ये" या कामगिरीवर तिनं मला धाडलं. १४ दिवसांपर्यंत राहायचं तर आपल्याला कझाकस्तानचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला निमित्तही उरलं नाही. बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो भडंग, लोणच्याचा मसाला आणि माझी गोळ्यांची पिशवी.

गोळ्यांचं आधी सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते. मला मधुमेह आहे, ११ वर्षं झाली. सकाळच्या गोळ्यांतली एक डापाग्लिफ्लोझिन. डॉक्टरांनी ती पहिल्यांदा लिहून दिली तेव्हा मी नावातली शेवटची अक्षरं बघितली आणि सवयीनं रचना शोधून काढली. बघते तर ओळखीचा चेहरा. हा रेणू सफरचंदाच्या झाडातल्या एका कडू पदार्थाच्या धर्तीवर बेतलेला आहे. त्याचं नाव फ्लोरिझिन. म्हणजे रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर मी सफरचंदाच्या झाडाचा एक लांबचा नातेवाईक गिळते. तेव्हापासून ते झाड, शक्यतो न माणसाळलेलं, एकदा डोळ्यांनी बघायचं मनात होतं. सफरचंदाचं कुठलंही झाड चाललं असतं, कुलू-मनालीलाही काम झालं असतं. पण भाची अल्मातीत होती.

शहराच्या नावातच सफरचंद आहे. कझाक भाषेत 'अल्मा' म्हणजे सफरचंद. कोक-तोबे नावाच्या टेकडीवर दगडी सफरचंदाचं कारंजं आहे, तिथं आमचे फोटो झाले. मग बाजारात गेलो. अपोर्ट नावाचं इथलं मानाचं फळ बघितलं, एकेक अर्धा किलोच्या घरातलं, दोन्ही हातांत धरावं लागणारं. १८६५ साली रशियातल्या व्होरोनेझहून त्याची कलमं इथं आली आणि इथल्या रानझाडांच्या खुंटावर बांधली गेली. विकणाऱ्या बाईंनी सुरीच्या टोकावर फोड पुढे केली. वास असा की बाजूच्या ठेल्यावरचे टरबूजवाले आपोआप गप्प बसावेत. पलीकडे बादल्यांत बोराएवढी लालचुटुक फळं होती, देठासकट. त्यांना 'रानेत्की' म्हणतात आणि ती देठासकटच साखरेत शिजवतात. मी रानातल्या सफरचंदांचं विचारलं. बाईंनी हात झटकला. "दीचकी?" म्हणजे रानटी पोरं. ती कोण विकत घेणार?

भाचीच्या घरमालकीणबाईंचे भाऊ आम्हाला तुर्गेनला घेऊन गेले. सत्तरीचे असतील, त्यांची जुनी निवा गाडी त्यांच्याहून थोडीच तरुण. भाची त्यांना 'आगाय' म्हणायची. थोर माणसाला, गुरुजींना म्हणायचा शब्द. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ते मला 'आपाय' म्हणू लागले, तो त्याचाच बायकांसाठीचा शब्द. मास्तरीण बाईला सहा हजार रुपड्यांच्या पेन्शनीतही न मिळणारा मान त्या एका शब्दात मिळाला.

घळीत शिरल्यावर वर उंचावर काळपट-हिरवे सूचिपर्णी दिसत होते, खाली झुडपं, आणि मधल्या उतारावर ती झाडं. बागेतल्या झाडांची शिस्त त्यांना नाही. एका बुंध्यातून चार-चार खोडं वर आलेली, फांद्या एकमेकींत अडकलेल्या, कुठे कुठे चक्क काटे. खाली फळांचा सडा पडलेला, त्यावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या आणि आंबलेल्या फळांचा वास सगळ्या घळीत भरून राहिला होता. दोन मोकळे घोडे निवांत खाली पडलेली फळं खात होते. आगाय म्हणाले, झाडावरची तोडायची नाहीत, खालची हवी तेवढी घ्या.

पहिल्या झाडाचं फळ लिंबाएवढं, पिवळसर हिरवं. मी रुमालाला पुसलं आणि एक लचका तोडला. काय झालं ते मराठीतच सांगता येतं. दात आंबले. पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत. शीलसाहेब, हे तुमचं मॅलिक अ‍ॅसिड! पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, आणि तिच्यात हे आम्ल आणून भरणारं एक प्रथिन असतं. ते कामसू निघालं की फळ आंबट, आळशी निघालं की गोडसर. या झाडातल्या प्रथिनानं बहुधा रविवारचीही सुट्टी घेतली नव्हती. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता कुठे असेल? त्याला फोन करून सांगावंसं वाटलं.

दुसरं झाड वीसेक पावलांवर. फळ दिसायला देखणं, एका गालावर लाली. चावलं आणि आंबट-गोड काही कळायच्या आतच जिभेवर कोणी घोंगडी टाकावी तसं झालं. गाल आतून हिरड्यांना चिकटले. भाचीनं खाल्लं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "कडू आहे गं मावशी."

"कडू नाही, तुरट," मी म्हटलं. ३० वर्षांची सवय, हात आपोआप खडू शोधायला लागला.

या बाबतीत मला माझ्या भाषेचा भारी अभिमान वाटतो. आपल्याकडे कडू कारलं, तुरट सुपारी, यांत शाळेत न गेलेल्या पोराचीही गल्लत होत नाही. कच्चं केळं, कोवळं जांभूळ, आवळ्याचा पहिला चावा, हिरडा, आपण लहानपणापासून हा अनुभव वेगळा काढून ठेवलेला असतो. भाची बारावीपर्यंत सांगलीत शिकलेली, पण तीन वर्षांत तिचं तुरट हरवलं! शास्त्रीय बाजूनंही हे दोन वेगळेच प्रकार आहेत. कडू ही चव आहे, जिभेवरच्या कळ्यांना ती कळते. तुरट ही मुळात चवच नाही, तो स्पर्श आहे. आपल्या लाळेत काही लांबलचक प्रथिनं असतात, तोंडाचं वंगण म्हणजे तीच. फळातली टॅनिनं त्यांना पकडतात, त्यांच्या गाठी होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूवर कोरडी घासायला लागते. आयुर्वेदानं सहा रसांत कषायाला मानानं बसवलं, शरीरशास्त्रवाले त्याला रसांच्या पंगतीतून उठवू बघतात. मी दोघांच्या मध्ये पडत नाही.

सफरचंदातलं टॅनिन म्हणजे प्रोसायनिडिन. एपिकॅटेचिन नावाचा एक छोटा रेणू असतो, तो चहातही असतो. असे मणी एकाला एक जोडून माळ झाली की ते प्रोसायनिडिन. यातली गंमत अशी की माळ दोन-चार मण्यांची असेल तर ती जिभेला कडू लागते, आणि लांबत गेली की कडवटपणा मागे पडून तुरटपणा वाढतो. म्हणजे भाची अगदीच चुकीचं बोलली नव्हती. त्या फळात दोन्ही लांबीच्या माळा असणार. हे मी तिला परतीच्या वाटेत सांगितलं, लगेच सांगितलं असतं तर माझ्या हातचा मुद्दा गेला असता.

पिशवीत फळं कापायची छोटी सुरी होती. तुरट फळ मधोमध कापलं आणि रंग बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं ठरवलं. चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत कापलेला भाग तांबूस झालासुद्धा. वांगं चिरलं की आपण पाण्यात का टाकतो? तेच कारण. फळाच्या पेशीत फिनॉलवर्गी पदार्थ (ती तुरट टॅनिनं त्यांतलीच) एका खोलीत आणि ते जाळणारं एन्झाइम दुसऱ्या खोलीत असतं. सुरी मधली भिंत पाडते, हवेतला ऑक्सिजन येतो आणि तपकिरी रंग तयार होतो. जेवढे फिनॉल जास्त, तेवढी साधारणपणे ही घाई जास्त. मंडईतल्या सफरचंदाची फोड वाटीत ठेवून आपण आजाऱ्याशी चार शब्द बोलून येतो, तरी ती फार काळी पडलेली नसते.

तिसऱ्या झाडाचं फळ मोठं, गोड, वासाचं. मी खूश झाले. आगायांनी मात्र ते चाखून कपाळाला आठ्या घातल्या. भाचीनं दुभाषेपण केलं: हे झाड अस्सल रानातलं नाही, खालच्या बागांमधून मधमाश्यांनी अपोर्टचे परागकण आणले असणार. सफरचंदाला स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाही. दुसऱ्याचे लागतात, म्हणून प्रत्येक बी आईबापांहून निराळी. शंभर बिया पेरल्या तर शंभर चवींची झाडं. गोड फळाची बी लावून तेच गोड फळ मिळत नाही, त्यासाठी कलमच करावं लागतं. आणि या स्वभावामुळेच बागा रानाजवळ सरकल्या की रानात बागेचं रक्त शिरतं. शहर डोंगराकडे पसरत आलंय, उतारावर बंगल्या झाल्यात, तशी ही झाडं वर वर ढकलली गेली. जागतिक धोक्याच्या यादीत हे झाड आता आहे. आगायांना गोड फळ नकोसं का झालं ते मला तेव्हा कळलं. पोरगं चांगलं शिकलं-सवरलं, पण घराण्याचं वळण राहिलं नाही, असला काहीतरी भाव होता त्यांच्या चेहऱ्यावर.

या झाडाचं शास्त्रीय नाव मालुस सिवेर्सी. योहान सिवेर्स नावाचा एक जर्मन औषधविक्या रशियाच्या नोकरीत असताना १७९३ साली या मुलखात फिरत होता, त्याच्यावरून. (सफरचंदाच्या इतिहासात औषधविके फार. याचीही कुणी नोंद घ्यावी.) मग १९२९ साली निकोलाय वाविलोव्ह अल्मातीला आला. जगभरच्या पिकांची मूळ गावं शोधणारा हा माणूस. शहराभोवती मैलोन् मैल रानसफरचंदं, आणि एकेका झाडाचं रूप, रंग, चव वेगळी, हे बघून त्यानं ताडलं की सफरचंदाचं माहेर ते हेच. त्याच वाविलोव्हला स्तालिनच्या राजवटीनं १९४० साली पकडलं, आणि जगाच्या पोटाची चिंता वाहणारा हा माणूस १९४३ च्या जानेवारीत सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीनं मेला. आगायांना त्याचं नाव ठाऊक होतं. नाव घेताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

वाविलोव्हचा कयास पुढे खरा ठरला. २०१० साली गोल्डन डिलिशिअस सफरचंदाचा सगळा जनुकीय आराखडा वाचला गेला आणि त्यात मूळ पूर्वज म्हणून सिवेर्सीच सापडला. रेशीममार्गानं पश्चिमेला जाता जाता त्याचा युरोपातल्या रानसफरचंदाशीही संकर झाला. आंबटपणा आणि तुरटपणा तिकडूनही पुष्कळ आला असणार, कारण युरोपातलं ते रानफळ आंबट-तुरटच. एक मत असंही आहे की या डोंगरांतल्या अस्वलांनी मोठी नि गोड फळं निवडून खाल्ली, बिया दूरवर टाकल्या आणि माणसाच्या आधीच निवड सुरू झाली. पहिला बागायतदार अस्वल! मला हे मत आवडतं, आणि आवडतं म्हणूनच त्याच्याबद्दल जरा जपून बोलते.

आता आकडे. कॅनडात नोव्हा स्कोशियामध्ये एक हजाराहून जास्त प्रकारची सफरचंदं एकाच बागेत लावलेली आहेत. माती तीच, पाऊस तोच, म्हणजे तुलना रास्त. तिथं मोजल्यावर असं दिसलं की माणसानं लागवड केलेलं सफरचंद रानटी सिवेर्सीपेक्षा सरासरीनं ३.६ पट वजनदार आहे, ४३ टक्के कमी आंबट आहे आणि त्यातले फिनॉल ६८ टक्क्यांनी कमी आहेत. फिनॉल म्हणजे त्या तुरट माळा, कापल्यावर तपकिरी होणारं क्लोरोजेनिक अ‍ॅसिड, सालीतली क्वेर्सेटिनं, सगळं घराणं. हजारो वर्षं कलमं बांधताना माणसानं जीभ आखडवणारी झाडं बाजूला सारली. आणि गंमत म्हणजे साईडर नावाची फळांची दारू करणाऱ्या फ्रेंच-इंग्रज शेतकऱ्यांनी तेवढी तुरट वाणं जपून ठेवली. खायला न चालणारं फळ प्यायला लागतं. व्यसनानं केलेलं जतन म्हणा.

माझ्या आजारपणातल्या फळाचा इतिहासही यातच बसतो. १८७० साली कॅप्टन ली नावाच्या इंग्रजानं कुलूच्या खोऱ्यात विलायती सफरचंदं लावली. त्यांत आंबट वाणं फार, आणि ती आपल्या लोकांच्या पसंतीला उतरली नाहीत. मग कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकनानं, जो पुढे सत्यानंद स्टोक्स झाला आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही गेला, १९१६ साली अमेरिकेतून गोड, लाल डिलिशिअस आणलं. हिमाचल त्यावर उभं राहिलं. आंबट जवळजवळ नाही, तुरट जेमतेम, गोड भरपूर. तेच ट्रकांतून, लाकडी खोक्यांत, गवतात गुंडाळून आमच्या मंडईत यायचं. म्हणजे मिरजेच्या त्या पोराला 'सफरचंद आंबट कुठं असतंय' असं वाटण्यामागे एक अख्खी निवड होती, आणि ती आपल्याच जिभेची होती.

घळीत परत येऊ. फळं चाखून झाली, पण ज्यासाठी आले होते ते राहिलंच होतं. फ्लोरिझिन फळाच्या गरात थोडंच असतं. बियांत बऱ्यापैकी, आणि खरा साठा पानांत, सालीत, मुळांत. सुकलेल्या पानाच्या वजनात काही झाडांत १० टक्क्यांपर्यंत तेच. मी दुसऱ्या झाडाचं एक पान घेतलं, रुमालानं पुसलं, घडी केली आणि दाढेखाली धरलं. भाची म्हणाली, "मावशी, आईला काय सांगू?"

आधी काहीच नाही, नुसती हिरवट चव. मग कडू आलं. कारल्याचं कडू पटकन येतं आणि पटकन कळतं. हे सावकाश आलं, जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं आणि मग उठेना. तुरटाची घोंगडी यात नव्हती, स्वच्छ, एकसुरी कडू. गुळवेलीचा काढा प्यालेल्यांना थोडी कल्पना येईल. मी थुंकले, पाणी प्याले, भडंगाची मूठ तोंडात टाकली. गाडीत बसेपर्यंत ते होतं.

हे कडूपणच त्याच्या शोधाचं कारण. १८३५ साली बेल्जियममध्ये द कोनिंक आणि स्टास या दोघांनी सफरचंदाच्या मुळांच्या सालीतून हा पदार्थ काढला. नावातच ग्रीक 'साल' आणि 'मूळ' आहे. त्या काळी तापावर सिंकोनाच्या सालीचं क्विनीन देत. मग दुसरी कुठली साल कडू लागली की तीही तापावर चालेल असा सरळ हिशेब. दिली, आणि ताप काही हटला नाही. पन्नास वर्षांनी, १८८६ साली, योझेफ फॉन मेरिंगनं फ्लोरिझिन कुत्र्यांना दिलं तर त्यांच्या लघवीतून साखर जायला लागली. मधुमेह झाल्यासारखी. कारण उलगडायला आणखी बराच काळ गेला. आपली मूत्रपिंडं रोज दीडशे ग्रॅमहून जास्त साखर रक्तातून गाळतात आणि जवळपास सगळी परत उचलून घेतात. ती उचलणारे हमाल असतात, फ्लोरिझिन त्यांचे हात धरून ठेवतं. मग साखर लघवीवाटे बाहेर. मधुमेहींच्या उपयोगाचं हेच. पण नुसतं फ्लोरिझिन तोंडानं घेऊन भागत नाही. आतड्यात दूध पचवणारं जे एन्झाइम असतं तेच त्याचे दोन तुकडे करतं. त्या एन्झाइमचं पूर्ण नाव लॅक्टेझ-फ्लोरिझिन हायड्रोलेझ, म्हणजे या कडू पानाचं नाव आपल्या पोटातल्या एन्झाइमला चिकटलेलं आहे! तोडतं कुठं? साखर जिथं ऑक्सिजनच्या पुलानं जोडलेली असते तिथं. औषध बनवणाऱ्यांनी तो पूल काढून साखर थेट कार्बनला जोडली. एन्झाइमला तो सांधा तोडता येईना. असे फेरफार करत डापाग्लिफ्लोझिन झालं. युरोपात २०१२ साली त्याला परवानगी मिळाली, आणि भारतात २०२० च्या ऑक्टोबरात पेटंट संपल्यावर आमच्यासारख्यांच्या खिशाला ते परवडायला लागलं.

चरकसंहितेत प्रमेहाच्या खुणा सांगताना लघवीकडे मुंग्या धावतात असं म्हटलंय. 'मधुमेह' या शब्दाचा अर्थच मधासारखी गोड लघवी. आणि ही गोळी काय करते? रोज साधारण ७० ग्रॅम साखर लघवीतून बाहेर काढते. मधुमेहावर उपाय म्हणून डॉक्टरांनी मला अधिक मधुमेह लिहून दिलाय. शब्दशः. हे मी डॉक्टरांना एकदा म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लघवीच्या जागेची स्वच्छता राखायला सांगितली, जे त्यांचं बरोबरच होतं.

त्या रात्री मी एक सुरेख गोष्ट मनात रचली होती. माणसानं सफरचंदातलं कडू काढून टाकलं, गोड खात सुटला, साखर वाढली, आणि शेवटी तेच कडू पांढऱ्या गोळीतून परत आलं. लेखाचा शेवट तयार! दुसऱ्या दिवशी दात घासताना तिचा पाया ढासळला. फ्लोरिझिन माणसानं कुठं काढून टाकलं? ते आजही कोटगढच्या प्रत्येक गोड झाडाच्या पानात भरलेलं आहे. गेलं ते फळातलं टॅनिन नि आम्ल, आणि माझी गोळी त्यांच्या घराण्यातली नाहीच. मला मधुमेह झाला तो सफरचंदानं तर नक्कीच नाही. आमच्या आईला होता, मामाला होता, आणि जिलबीचं म्हणाल तर माझं मौन समजून घ्या. चांगली जुळणारी गोष्ट दिसली की हल्ली मी आधी तिचं पान चावून बघते.

तिच्या जागी मला एक लहानशी, पण खरी गोष्ट मिळाली, ती सांगते. फ्लोरिझिन म्हणजे फ्लोरेटिन नावाचा गाभा आणि त्याला टांगलेली ग्लुकोजची एक कडी. बागेतल्या सफरचंदात आणि सिवेर्सीत ती कडी एका ठरावीक खुंटीला असते. पण सफरचंदाच्या काही दुसऱ्या रानटी जाती आहेत, त्यांत तीच कडी दोन घरं सरकून पलीकडच्या खुंटीला टांगलेली असते. तेवढाच फरक. अणू तेवढेच, वजन तेच. पण नाव बदलतं, ट्रायलोबॅटिन, आणि चव बदलते. ते गोड लागतं. फळ्यावर आयसोमर शिकवताना मी वर्षानुवर्षं ब्युटेन आणि आयसोब्युटेन काढले, ज्यांना ना चव ना चेहरा. हे आधी ठाऊक असतं तर! एकाच वर्गातली दोन मुलं, फक्त बाक बदललेला, एक कडू आणि एक गोड. मागच्या बाकावरच्या त्या मुलालाही ही उपमा आवडली असती.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवीतली फळं काढली. दुसऱ्या झाडाखालची, लाल गालाची तुरट फळं मी टोपीभर वेचून आणली होती. विमानातून फळं-बिया आणायच्या नसतात, तेव्हा तिथंच काहीतरी करणं भाग होतं. घरमालकीणबाई साखर घेऊन आल्या, त्यांना पाकातलं वरेन्ये करायचं होतं. मी लोणच्याचं पाकीट फोडलं. तह असा झाला की निम्मी त्यांची, निम्मी माझी. बारीक फोडी, मीठ, हळद, मसाला, मोहरीच्या तेलाच्या जागी सूर्यफुलाचं. फोडी चिरून होईपर्यंत सगळ्या तपकिरी झाल्या होत्या. बाईंनी बरणीकडे ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेनं मी त्यांच्या पातेल्यातल्या साखरेकडे बघत होते.

तीन आठवड्यांनी भाचीचा फोन आला. मी आधी तिच्या जेवणाचं विचारलं, मग लोणच्याचं.

"तुरटपणा गेला नाही गं मावशी. तुरट हं, कडू नाही," ती म्हणाली. "पण बरणी संपली. मालकीणबाई तळलेल्या बाउरसाकांबरोबर खात होत्या, आगाय आले की त्यांनाही वाढायच्या. मीठ थोडं कमी पडलं होतं."

"मग?"

"मग काय, पुढच्या वेळी मसाल्याची दोन पाकिटं आण."